क्लासिक, मॉडर्न आणि क्लच

गेम सुरू केला की मारामारीच्या आधी पडदा एक प्रश्न विचारतो. तुम्ही कसे खेळणार, क्लासिक की मॉडर्न? आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला त्या रविवारी गणपती तोंडावर आले होते आणि मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "क्लासिक! हे काय विचारणं झालं?" कुणीतरी त्यांच्या खानदानाबद्दल शंका घेतल्यासारखा तो आवाज होता.

गेम खरा लेकीच्या आत्येभावाचा. तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना "सांभाळ" म्हणून आमच्या लेकीकडे ठेवून गेला. ती नुकतीच कॉलेजात जायला लागली होती, त्यामुळे सांभाळायला तिच्याकडे वेळच वेळ होता. पण तिच्यापेक्षा तिच्या बाबांनाच जास्त आनंद झाला. ते कॉलेजात असताना इथे नाशिकला शालिमार चौकाजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं आणि तिथे म्हणे यांचं राज्य होतं. "मागे पोरं उभी राहून बघायची" हे वाक्य मी लग्नापासून इतक्यांदा ऐकलंय की ती पोरं उद्या रविवार कारंज्यावर भेटली तर मी ओळखीन.

दोन पद्धतींमधला फरक मला लेकीने समजावून सांगितला. क्लासिकमध्ये आगीचा गोळा फेकायचा तर डाव्या अंगठ्याने फुलीसारख्या बटणावर खाली, मग तिरकं, मग समोर असं वळण घ्यायचं आणि त्याच दमात उजव्या हाताने ठोशाचं बटण दाबायचं. जरा इकडेतिकडे झालं की गोळा येत नाही, आपला माणूस नुसताच गुडघे वाकवून उभा राहतो आणि मार खातो. मॉडर्नमध्ये तेच काम एका बटणावर होतं. दाबलं की गोळा.

"मग क्लासिक कोण निवडेल?" मी विचारलं.

"सोप्या पद्धतीने फेकलेल्या गोळ्याचा मार जरा कमी बसतो," लेक म्हणाली. "शिवाय बाबांसारखी माणसं असतात ना."

त्या रविवारी दुपारी हाताशी काही काम नव्हतं म्हणून मी रिमोट हातात घेतला. त्याला रिमोट म्हणायचं नाही, कंट्रोलर म्हणायचं, असं लेकीने सुनावलं. मी मॉडर्न निवडलं. नवऱ्याने क्लासिक निवडलं, बाह्या दुमडल्या आणि मला म्हणाले, "घाबरू नकोस, मी हळू खेळीन." पुढच्या काही मिनिटांत मी त्यांना हरवलं. खोटं कशाला बोलू, मला काही कळत नव्हतं. मी आपली ते एक बटण दाबत राहिले, आणि ते तिकडे वळणं घेत, मधेच "अरे, आला कसा नाही?" म्हणत गोळे खात राहिले.

हरल्यावर त्यांनी कंट्रोलर उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "यात काय आहे? बटण दाबलं की झालं. याला खेळणं म्हणत नाहीत."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. चहाचं आधण ठेवताना आठवलं, आणि आठवल्यावर असा काही संताप आला की साखर दोनदा घातली गेली.

आमची जुनी गाडी काढून नवी घ्यायची चर्चा उन्हाळ्यापासून घरात चालू होती. मी म्हणत होते ऑटोमॅटिक घेऊ, म्हणजे मलाही चालवता येईल. त्यावर यांचं ठरलेलं उत्तर: "क्लच नाही, गिअर नाही. ॲक्सिलरेटर दाबला की झालं. याला चालवणं म्हणत नाहीत, बसणं म्हणतात."

गाडी चालवायचा परवाना माझ्याकडे आहे. त्यावरचा फोटो चांगला आलाय, म्हणून ओळखपत्र म्हणून मी तोच दाखवते. गाडी मात्र मी तो मिळाला त्याच वर्षी सोडली. म्हसरूळकडच्या एका चढावर आमची गाडी बंद पडून मागे सरकायला लागली. मागे भाजीचा टेम्पो होता, टेम्पोवाला डोकं बाहेर काढून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होता, आणि शेजारच्या सीटवर हे हँडब्रेकला लोंबकळून "क्लच! अगं क्लच!" असं ओरडत होते. टेम्पोला आम्ही धडकलो नाही. पण त्यानंतर मी चावीला हात लावला नाही. स्कूटर चालवते, शाळेत जाते, येते. सकाळची शाळा आहे माझी, मुलांना विज्ञान शिकवते, म्हणजे यंत्रांना भिणारी बाई मी नाही. मी भिते ते शेजारच्या सीटला.

आता स्कूटरवरून सायखेड्याला जाता येत नाही असं नाही. पण महामार्गावरचे ट्रक बघितले की स्कूटर आपोआप मागे वळते, आणि येताना आईने दिलेली भाजी, फुलं, डाळ स्कूटरवर मावत नाही. माझं माहेर सायखेड्याचं. आईचा फुलांचा मळा आहे, आता भाऊ बघतो. उन्हाळ्यात मोगरा, पुढे शेवंती, दसऱ्याला झेंडू. लहानपणी शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि गजरे करायला बसायचं, दुसरं काही विचारायची सोय नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर अंगणात फुलांचा ढीगच पडतो. भाऊ, भावजय, चुलत्या, शेजारणी, सगळ्या भोवती गोल करून बसतात. तोरणं, हार, वेण्या करायच्या, टेम्पो भरून नाशिकच्या बाजारात पाठवायच्या. आमच्याकडे एक नियम आहे. ढीग संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पाणीसुद्धा जागेवर येतं. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाचं लग्न मोडलं, वर्षभराची सगळी बातमी त्या ढिगाभोवतीच कळते, आणि चांगली बातमी नेहमी ढीग अर्ध्यावर आल्यावर निघते.

ती बातमी लग्नापासून मला कधी ऐकायला मिळालेली नाही. कारण दरवर्षी हे मला सोडतात, ओझरला त्यांच्या मित्राकडे जाऊन येतात आणि चार वाजता फाटकाबाहेर हॉर्न वाजवतात. पिप्, पिप्. सासरी दुसऱ्या दिवशीची तयारी असते, यांना अंधार पडायच्या आत गाडी घरी लावायची असते, सगळं खरं आहे. पण बाकीच्या बायका बसलेल्या असतात आणि मी मांडीवरची फुलं झटकून उभी राहते.  मी उठले की आई माझी टोपली शेजारणीकडे सरकवते.

त्या रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"कवा येती?"

"बघते गं. यांना रविवारी मोकळं असलं की."

"जावईबापूंचं नाय इचारलं मी. तुजं इचारलं. आन दसऱ्याला चार वाजता पळायचं आसंल तर येऊच नको, लय जीव जातो माजा."

तिने रागाने म्हटलं नव्हतं, सोलापूरच्या चादरीचा भाव सांगावा तसं सरळ म्हटलं होतं. मला फार लागलं. फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "पैज लावता? या गेममध्ये मी तुम्हाला हरवलं तर गाडी ऑटोमॅटिक घ्यायची."

ते हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. "आणि मी जिंकलो तर?"

"तर गिअरची घ्या. मी पुन्हा विषय काढणार नाही."

हे आमिष मोठं होतं. मी एखादा विषय पुन्हा काढणार नाही, असं आमच्या संसारात आजवर घडलेलं नाही. त्यांनी विचार केला आणि एक अट घातली: "क्लासिकमध्ये खेळायचं. मॉडर्नमध्ये जिंकलेलं धरणार नाही." गणपती विसर्जनानंतरचा रविवार ठरला. लेक पंच.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की मी जेवायच्या आधी सराव करायला लागले. गणपती आले, मोदक झाले, आरत्या झाल्या, पण डोक्यात एकच चाललेलं. खाली, तिरकं, समोर, ठोसा. आरतीला टाळ वाजवताना अंगठा टाळांवरही वळणं घ्यायचा. पण गोळा काही येईना. माझा माणूस गुडघे वाकवायचा आणि मग समोर जाण्याऐवजी मागे जायचा. शत्रू येऊन त्याला तुडवायचा. पुन्हा खाली, पुन्हा मागे. अंगठ्याला फोड आला. शेजारच्या काकूंनी पट्टी बघून विचारलं, "भाजलं का गं?" मी म्हटलं, "आगीचा गोळा फेकताना." त्या दिवसापासून त्या माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

शेवटी लेक शेजारी येऊन बसली आणि पडद्याकडे न बघता माझ्या अंगठ्याकडेच बघत राहिली. "आई, तू उलटं करतेयस. उजवीकडे जायचं तर तू दर वेळी डावीकडे सरकतेस."

"मी उजवीकडेच जातेय."

"बघ की."

बघितलं. अंगठा खाली दाबत होता आणि मग सरळ डावीकडे सरकत होता, अगदी सफाईने, माझी परवानगी न घेता. आणि मग मला हसू फुटलं. गजरा करताना डाव्या हाताच्या अंगठ्याखाली फुलांचे देठ धरायचे असतात. उजव्या हाताने दोऱ्याचा फास टाकायचा, ओढायचा, की अंगठा देठांवर दाबून डावीकडे सरकवायचा, म्हणजे पुढच्या जोडीला जागा होते. दाब, सरक. दाब, सरक. सबंध लहानपण मी एवढंच केलेलं. माझ्या अंगठ्याला दाबल्यानंतर दुसरीकडे कुठे जायचं असतं हेच माहीत नव्हतं.

"संपलं मग," मी म्हटलं. "हे आता या जन्मात सुटायचं नाही."

लेक मात्र विचारात पडली होती. मग तिने माझ्या माणसाला उडी मारून शत्रूच्या पलीकडे नेलं. आता माझा माणूस उजव्या बाजूला, तोंड डावीकडे. "आता कर. तसंच कर, गजऱ्यासारखं."

दाबलं, सरकवलं. आगीचा गोळा गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. एकामागे एक असे गोळे निघाले की लेक सोफ्यावर उभी राहून नाचायला लागली. पलीकडे तोंड असलं की वळणही उलटं घ्यायचं असतं, आणि ते उलटं म्हणजे माझं सुलटं.

मग दोघींनी बेत आखला. सामना सुरू झाला की आधी काही करायचं नाही, नुसतं उडी मारून पलीकडे जायचं. एकदा उजवीकडे पोचलं की गजरे. लेकीने बाबांना सहज म्हणून विचारूनही बघितलं की आई उजव्या बाजूने खेळली तर चालेल का. "छे!" ते म्हणाले. "पार्लरमध्ये मी कायम उजव्या बाजूलाच उभा असायचो." म्हणजे उडी मारणं भाग होतं.

रविवार उजाडला. सकाळी सगळ्यांनी बाहेर जाऊन मिसळ खाल्ली. मी फार खाल्ली नाही, यांनी रस्सा दोनदा मागवला. घरी आल्यावर यांनी कंट्रोलर रुमालाने पुसला, बोटं मोडली, मान दोन्हीकडे वळवून काडकाड वाजवली. मी पदर खोचला. लेकीने पंचाच्या अधिकारात जाहीर केलं की तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो जिंकला, आरडाओरडा चालेल, धक्काबुक्की चालणार नाही.

पहिली फेरी मी हरले. घाबरून उडीच वेळेवर निघाली नाही. डावीकडेच अडकले, दाबत राहिले, सरकत राहिले, आणि माझा माणूस मागे मागे जात कोपऱ्यात जाऊन मार खात राहिला. "क्लासिक आहे हे," ते प्रेमाने म्हणाले. त्या प्रेमाने माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या फेरीत घंटा वाजताच मी उडी मारली आणि पलीकडे उतरले. मग माझं माहेर सुरू झालं. दाब, सरक, गोळा. दाब, सरक, गोळा. "हे काय? हे कधी शिकलीस?" हे ओरडत होते. गंमत म्हणजे जागा बदलल्याबरोबर त्यांचाही गोळा अडखळायला लागला. पार्लरमध्ये कायम उजवीकडे उभं राहिल्याचा परिणाम. दुसरी फेरी मी घेतली.

तिसरीला मात्र ते शहाणे झाले. मी उडी मारली की हवेतच झोडपायचे. एकदा, दोनदा, प्रत्येक वेळी मी जमिनीवर, डावीकडेच. माझ्या माणसात किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी आक्रसत आक्रसत पापणीएवढी उरली. त्यांचीही फार नव्हती, पण माझ्यापेक्षा बरी होती. आता एक साधी चापट पुरली असती. मला समोर पडदा दिसत नव्हता, फाटक दिसत होतं आणि पिप् पिप् ऐकू येत होतं. आयुष्यभर असंच, मांडीवरची फुलं झटकत उठायचं.

साध्या चापटीने माझा निकाल लागला असता. पण मागे पोरं उभी होती ना! शालिमारची ती पोरं, इतक्या वर्षांनंतर आमच्या सोफ्यामागे येऊन उभी राहिली असणार, कारण नवऱ्याला साधी चापट मारून जिंकणं पटेना. त्यांनी त्यांची ती प्रसिद्ध उडी घेतली, उंच, डोक्यावरून जाणारी, लाथेची. मी भीतीने खाली बसले. लाथ हवेत गेली, ते माझ्या डोक्यावरून पलीकडे उतरले. म्हणजे ते डावीकडे. म्हणजे मी उजवीकडे.

दाब, सरक.

लेकीची किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली असावी. यांनी आधी टीव्हीकडे, मग कंट्रोलरकडे, मग माझ्या अंगठ्याकडे बघितलं. "पाच फेऱ्या करू," म्हणाले. लेक म्हणाली, "पंचाचा निर्णय अंतिम." मग ते उठले, आत जाऊन पाणी प्यायले, आणि परत येऊन म्हणाले, "ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द." या माणसाची ही एक गोष्ट मला फार आवडते. चिडतात, कुरकुरतात, पण शब्द फिरवत नाहीत.

घट बसले त्या दिवशी गाडी आणायला आम्ही तिघं गेलो. दुकानातल्या माणसाने यांना सगळं समजावलं. दोनच पेडल, एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर, उजवा पाय वापरायचा, डाव्याला सुट्टी. "म्हणजे मी काय करायचं?" यांनी विचारलं. गाडीला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. नारळाची एक कवड आणि पेढ्यांचा पुडा मी मांडीवर घेऊन पुढे बसले. पहिल्यांदा गाडी घरी आणायचा मान यांचा.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी हळू करायची वेळ आली आणि यांच्या डाव्या पायाने, कुणाची परवानगी न घेता, जन्मभर केलं तेच केलं. क्लच शोधला. क्लचच्या जागेवर आता ब्रेक होता आणि त्यावर यांनी क्लच दाबतात तसा दणकून पाय दिला. गाडी जागच्या जागी खिळली. पेढे डॅशबोर्डवर, कवड माझ्या पायाशी, लेकीचं नाक माझ्या सीटच्या पाठीला. मागचा रिक्षावाला आमच्याबद्दल जे म्हणाला ते मी शाळेत शिकवते म्हणून लिहीत नाही.

पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "गाडी बाजूला घ्या." त्यांनी घेतली. मी म्हटलं, "तो पाय मांडीखाली घ्या."

"गाडी चालवताना मांडी घालून बसू?"

"अहो, अर्धी मांडी. त्या पायाला सवय आहे, त्याचा दोष नाही. माझ्या अंगठ्याचंही तसंच होतं."

मी ओरडले नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. ओरडावंसं खूप वाटलं. "ब्रेक! अहो ब्रेक!" इतकं सुरेख वाक्य तोंडात तयार होतं. पण म्हसरूळचा चढ आठवला आणि मी ते गिळलं. ते एक पाय दुमडून, एखाद्या पंगतीत बसल्यासारखे घरापर्यंत गाडी चालवत आले. बिल्डिंगचा वॉचमन ते बघून नमस्कार करायचं विसरला.

मग नवरात्रात रोज दुपारी शाळा सुटल्यावर मी तपोवनातल्या मोकळ्या मैदानावर गाडी फिरवली. लेक शेजारी बसायची. तिला अट एकच होती, तोंड बंद.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकटी निघाले. हे खाली सोडायला आले. टायर बघितले, आरसे पुसले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि नुसतं म्हणाले, "सावकाश ये." चांदोरीला वळले, सायखेड्याचा पूल ओलांडला, आणि पुलावर एकटीनेच मोठ्याने हसले. शेजारची सीट रिकामी होती. इतकी सुंदर रिकामी सीट मी कधी पाहिली नव्हती.

अंगणात ढीग पडला होता, झेंडूचा एक, शेवंतीचा एक. आई शेवंतीपाशी होती. तिने गाडी बघितली, मला बघितलं, मागे कुणी उतरतंय का ते बघितलं. कुणी उतरलं नाही तेव्हा तिने सरकून जागा केली. मी बसले, दोरा घेतला, अंगठा आपोआप चालायला लागला. दुपार झाली, भाकरी जागेवरच आली, बातम्या सुरू झाल्या. शेजारणीच्या पुतण्याचं लग्न कसं मोडलं ते आता निघणार होतं, ढीग अर्ध्यावर आला होता.

आणि मी उभी राहिले. मांडीवरची फुलं झटकली, पदर सारखा केला, चपला कुठे आहेत ते बघायला लागले. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. घरातल्या घड्याळात चार वाजले होते.

"कुठं निघाली?" आईने विचारलं.

"निघायला हवं ना. चार वाजले."

"कोन आलंय न्यायला?"

मी फाटकाकडे बघितलं. बाहेर फक्त आमची गाडी उभी होती आणि तिची चावी माझ्या कमरेला होती. माझे पाय नुसते सवयीने उभे राहिले होते. मला एकदम रडू आलं, आणि शेजारणीला वाटलं तिच्या पुतण्यासाठीच.

आईने माझी टोपली उचलली. दरवर्षी शेजारणीकडे सरकवते ती. या वेळी तिने ती माझ्याच जागेपुढे ठेवली आणि वर ओंजळभर शेवंती टाकली.

"बस खाली," ती म्हणाली. "लय ढीग हाय अजून."